फलिताचा रकाना

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

नर्सिंगच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा पहिलाच गृहपाठ आला आणि पहिल्याच ओळीत गाडी अडली! "तुमच्या रोजच्या कामातला असा एक प्रश्न निवडा, ज्याचं उत्तर संशोधनात शोधता येईल." बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे मी. मला प्रश्नांना काय तोटा? सलाईनची सुई किती दिवसांनी बदलावी, हे विचारता आलं असतं. जखमेला मध चालतो का, हेही. सोबत शिकणाऱ्या अनुपमा सिस्टरने बाळाच्या नाळेचा घेतला आणि दहा मिनिटांत मोकळी झाली.

मी लिहिलं— लकव्याने गेलेलं माणसाचं बोलणं चौदा महिन्यांनी परत येतं का?

पाठवलं, फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला बसले. घासून झालेलीच होती. पुन्हा घासली.

६ नोव्हेंबर

प्रश्नाचे चार रकाने करायचे असतात म्हणे. रुग्ण कोण. उपचार कोणता. तुलना कशाशी. फलित काय. चारही नीट भरले तरच पुढे शोध नीट होतो.

रुग्ण— पुरुष, वय ४९. मेंदूच्या डाव्या भागाला झटका. उजवा हात अधू, पाय ओढत चालतो. ऐकलेलं सगळं समजतं. बोलणं गेलेलं, फक्त 'मंग' एवढा एकच शब्द उरलेला. नाव लिहायचं नव्हतं. लिहायचं असतं तर शेखर लिहिलं असतं, आणि पुढे— माझा नवरा.

उपचार— चित्रांची कार्डं दाखवून बोलण्याचा सराव. तुलना— काहीच न करणे. फलित— बोलणं.

संध्याकाळी समीक्षा मॅडमचं उत्तर आलं. त्या पुण्याहून हा अभ्यासक्रम शिकवतात, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील, मला ताई म्हणतात. "योगिनीताई, 'बोलणं' म्हणजे नेमकं काय? मोजणार कसं?"

आता काय सांगू! हे बाजार समितीत कापसाची हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचे. पूर्ण यार्डात आवाज जायचा, माइक लागत नसे. घरी जेवायला बसले की माझ्या भाजीची हर्रास— "वांग्याची भाजी, मीठ जरा हात सैल सोडून टाकेल आहे, कोन घेते? एक बार! दोन बार!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मी चिडायचे. ड्यूटीवरून आले की चपला काढायच्या आधी, "आज दवाखान्यात काय झालं?" आणि मी सांगायला लागले की पाचव्या वाक्याला स्वतःचंच सुरू. भांडलो तरी यांचं तोंड बंद नसायचं, रुसून बसायची पाळी नेहमी माझी.

हे मोजायचं आहे. वीसपैकी किती?

मला ते परत पाहिजे. सगळं. भाजीला नावं ठेवण्यासकट.

सरावाच्या पुस्तकात पाहिलं तर बहुतेक संशोधनात चित्र दाखवून नाव विचारतात. म्हणून लिहिलं— फलित: वीस चित्रांपैकी किती नावं बरोबर सांगितली. मॅडम म्हणाल्या, "छान. आता मोजता येईल."

९ नोव्हेंबर, शनिवार

पहिला शोध. इंग्रजीत अख्खं वाक्य टाइप केलं— माझ्या नवऱ्याचं बोलणं लकव्यानंतर परत येईल का? वर तेलाची बाटली आली. मग कानाला लावायचं एक यंत्र. मग एक व्हिडिओ, त्यात एक मुका बसलेला माणूस तिसऱ्या मिनिटाला घडाघडा बोलतो. चारदा पाहिला. चौथ्यांदा दिसलं की पहिल्या मिनिटातला सदरा वेगळा आहे.

मॅडमना काय टाइप केलं ते पाठवलं. त्यांचं उत्तर— "ताई, हा शोध नाही, हा नवस आहे."

राग आला. मग हसू आलं. मग दार लावून थोडं रडून घेतलं.

१४ नोव्हेंबर

आज शिकले की एकाच आजाराला संशोधनात सात-आठ नावं असतात, ती सगळी 'किंवा' लावून लिहायची. मग रकाने एकमेकांना 'आणि'ने जोडायचे. टाकलं, तर हजारो निघाले. वर्ष लावलं, वय लावलं, आजार जुना झालेलेच रुग्ण लावले— उरले चाळीस. घरात गव्हातले खडे वेचताना होतं तसंच वाटलं, डोळे दुखले पण हाताला काम मिळालं.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. चष्मा नसतानाही फोनमध्ये बघतात, दिसत काही नाही.

"काय वाचून राह्यली व एवढं?"

"यांच्या बोलण्याचं, आई."

"त्यात लिहेल आहे का, तो कधी बोलन ते?"

"तेच शोधते."

"तुले सांगतो मी, मोताळ्याचा तो मानूस पाह्य ना. कबुतराच्या रक्तानं मालिश केली, लागला का नाही बोलाले? तू मले करू देत नाहीस."

मी मॅडमसारखा आवाज काढून म्हटलं, "आई, एका माणसावरून काही ठरत नसतं." त्या उठून गेल्या. मला आपण फार शिकलो असं वाटलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुष्पांजलीचा अमरावतीहून फोन. तिने "बाबा, जेवले का?" विचारलं. इकडून "मंग." तिने "परीक्षा चांगली गेली" सांगितलं. "मंग!" — हा वेगळा होता, वर चढणारा. तिला कळतो. मलाही कळतो. पण एका शब्दावर किती दिवस काढायचे माणसाने?

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. माझी ड्यूटी एका शाळेतल्या केंद्रावर, प्रथमोपचाराची पेटी घेऊन. दिवसभरात एका आजोबांना चक्कर, एकीला पट्टी. बाकी वेळ छापून नेलेले कागद वाचत बसले. आणि सापडलं!

अकरा रुग्ण. सगळ्यांना झटका येऊन वर्षाच्या वर झालेलं. सहा आठवडे कार्डांचा सराव. अकराच्या अकरा सुधारले! तीनदा वाचलं. पेन्सिलने खूण केली, मग पेनाने.

दुपारी शेषरावभाऊ यांना स्कूटरवर घेऊन आले. बाजारातले जुने सोबती, आठवड्यातून दोनदा तरी येतातच. यांनी रांग लावली नाही, पोलिसाने आत सोडलं. बाहेर आल्यावर शेषरावभाऊ म्हणाले, "वहिनी, बटन त्यानं सोताच दाबलं बरं."

"कोणाचं?"

"ते त्यालेच माहीत. मले थोडी सांगन!"

यांनी शाई लागलेलं डावं बोट मला दाखवलं. मी मात्र कागदावरचे अकरा दाखवले. "अहो, अकरापैकी अकरा!" म्हटलं. "मंग," म्हणाले. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, हे बोलतील! त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

२१ नोव्हेंबर

बाजारातून किलोभर बोरं आणली. घरात कोणाला आवडत नाहीत. सहज, कालच्या आनंदात.

२७ नोव्हेंबर

मॅडमशी फोनवर त्या अकरा जणांबद्दल. त्या ओरडल्या नाहीत, नुसते प्रश्न विचारत गेल्या. ते जास्त लागलं.

"तुलना कशाशी केली, ताई?" कशाशीच नाही. "मोजलं कोणी?" ज्यांनी शिकवलं त्यांनीच. "सुरुवातीला किती जण होते?" मी कागद उलटला. तळाशी बारीक अक्षरात होतं— एकोणीस. "मग आठ जण कुठे गेले?" तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

फोन ठेवला आणि आधी मॅडमचाच राग आला. हिचं लग्न नाही झालेलं, हिला काय कळतंय, कोणाचा आवाज ऐकायला कान आसुसणं म्हणजे काय? मग नीट बसून पुन्हा वाचलं. तिचं एक वाक्यही चुकीचं नव्हतं. मीच वाचत नव्हते. मला हवं तेवढंच डोळ्यांना दिसत होतं. दुसऱ्या कोणाच्या नवऱ्यासाठी हा कागद आला असता तर पहिल्या मिनिटात बाजूला टाकला असता.

सासूबाईंचा मोताळ्याचा एक माणूस, माझे अकरा. फरक दहाचाच!

त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. देवापुढची साखर मुंग्यांनी नेली.

३ डिसेंबर

स्कूटीने बाजार समितीवरून आले. हर्रास चालू होती. नवीन माणूस पुकारत होता. चांगला पुकारतो. आवाज यांच्याइतका भरदार नाही, पण शब्द स्वच्छ. गाडी बाजूला घेऊन पाच-सात मिनिटं उभी राहिले. कापसाच्या गाड्या, धूळ, माणसं, सगळं तसंच चालू होतं.

त्या माणसाचा काही दोष नाही. तरी त्याचा राग आला.

यांचा हात सुधारला नाही तरी चालेल. पाय ओढत राहिला तरी चालेल. पण एकदा— एकदा तरी माझं नाव घेऊन काहीतरी बरंवाईट बोलावं!

८ डिसेंबर, रविवार

एक मोठा आढावा मिळाला. कितीतरी संशोधनं एकत्र करून, चाळून लिहिलेला. दोन दिवस शब्दकोश घेऊन वाचला. या वेळी आधी शेवटून वाचला— कोण सोडून गेलं, कोणी मोजलं, पैसे कोणी दिले. मॅडम खूश.

निघालं काय? सरावाने थोडा फायदा होतो. उशिरा सुरू केला तरी काहींना होतो. जास्त तास दिले तर थोडा अधिक. पण जास्त तासांत मधेच सोडून जाणारेही अधिक.

'थोडा' या शब्दाभोवती मी गोल केला. सोडून जाणाऱ्यांच्या कारणात लिहिलं होतं— 'वैयक्तिक'. म्हटलं, आळशी लोक! चालून आलेलं सोडून जातात. माझ्या माणसाला मी सोडू देणार नाही.

रोज चार तास. ठरलं. इथे बोलणं शिकवणारं कोणी नाही. अकोल्याला सहा वेळा गेलो होतो, गाडीने दीड तास जायचं, दीड तास यायचं, तिथे पोचेपर्यंत हे दमून झोपायला आलेले असत. मीच करणार.

मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्याचं प्रशिक्षण घेतलेलं नाही. आणि रोज चार तास—"

"मॅडम, मी बावीस वर्षं रुग्ण सांभाळते आहे."

यावर त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. जिंकल्यासारखं वाटलं.

१५ डिसेंबर

कार्डं तयार. हंडा, कात्री, बैल, छत्री, केळं, कुलूप... वीस. पुठ्ठ्यावर चिकटवली. सकाळी ड्यूटीआधी दीड तास, आल्यावर अडीच. पहिल्या दिवशी वीसपैकी शून्य. आज छत्रीला "छ" म्हणाले. छ! स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मिठी मारली. त्यांच्या हाताला कणीक होती, माझ्या पाठीला लागली.

२० डिसेंबर

तीन.

२४ डिसेंबर

पाच. हंडा, बैल, केळं, छत्री, घर. वहीत रोजचा आकडा लिहिते, आलेख काढला तर रेघ वर जाते. मॅडमना फोटो पाठवला.

पण एक गोष्ट आलेखात येत नाही. मी कार्डं घेऊन समोर बसले की हे डोळे मिटून घेतात. मी हाताला धरून हलवते, मग उघडतात. माझ्याकडे बघत नाहीत. कार्डाकडे बघतात.

सासूबाई म्हणाल्या, "त्याले कटाळा आला असन."

"आई, हे औषध आहे."

"औषध तोंडात घालते, बाई. डोयापुढं नाचवत नाही."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाच झाले आहेत. फेब्रुवारीपर्यंत दहा होतील.

१ जानेवारी २०२५

कार्डं गायब! अख्खं घर पालथं घातलं. शेवटी शेजारच्या आवारात सापडली. यांनी खिडकीतून डाव्या हाताने एकेक करून टाकली होती. बैल शेजारच्या बकरीने अर्धा खाल्ला.

मी यांना रागावले. जोरात. सलाईन उपटणाऱ्या पेशंटला रागावते तशी— "असं करायचं नाही! तुमच्याच भल्यासाठी आहे ना?" शेजारीण बाहेर येऊन उभी राहिली. हे माझ्याकडे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी नीट बघितलं. "मंग," म्हणाले, अगदी खालच्या आवाजात. याचा अर्थ मला लागला नाही. सगळे मंग कळतात असं मी मिरवत होते.

नवीन बैल काढला.

६ जानेवारी, सोमवार

अडीच वाजता ड्यूटीवरून आले तर पलंग रिकामा. सासूबाई झोपलेल्या. रस्त्यावर, वळणावर, नळावर— कुठे नाहीत. मग शेषरावभाऊंना फोन लावला. "आमी इथंच हाव, वहिनी. यार्डात."

तशीच गाडी पळवली. यार्डाच्या कोपऱ्यावर चहाच्या टपरीच्या बाकड्यावर दोघे बसलेले. समोर हर्रास चालू. हे डाव्या हातात कप धरून ऐकत होते, आणि कोणीतरी भाव चढवला तेव्हा हसले— तोंडाच्या एका बाजूने, पण हसलेच! चार-पाच माणसं आजूबाजूला. कोणी यांना काही म्हणायला लावत नव्हतं. एक जण नुसता पाठीवर थाप मारून गेला.

आणि मी काय केलं? भर यार्डात शेषरावभाऊंना बोलले. न सांगता कसं आणलं, पडले असते तर, सरावाची वेळ आहे ही!

"वहिनी," ते शांतपणे म्हणाले, "तो का लहान पोट्टा आहे? मी विचारलं, 'चालतं का बे?' तर चप्पल पायात घालून उभा राह्यला. मंग मी काय करू?"

घरी आणलं. कार्डं समोर ठेवली. यांनी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच करतील हे मला तेव्हाच कळलं.

७ जानेवारी

तेच.

८ जानेवारी

तेच. माझाही रुग्ण मधेच सोडून गेला. एकापैकी एक. कारण— वैयक्तिक.

११ जानेवारी, शनिवार

अहवाल लिहून काढला. खोटं लिहिणार नाही. "घरी, अप्रशिक्षित व्यक्तीकडून, रोज चार तास सराव. वीसपैकी पाच नावं. तीन आठवड्यांनंतर रुग्णाने सराव सोडला. तुलना नाही. मोजणारी व्यक्ती शिकवणारीच." अकरा जणांच्या कागदाला जे दोष काढले, ते सगळे माझ्यात एक एक करून निघाले. अनुपमा सिस्टर म्हणाली, तुझा नवरा आहे हे कशाला लिहितेस, मार्क कापतील. लिहिलं.

शेषरावभाऊंची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, मले कुठं राग आला!" पण पाच दिवस झाले, ते आलेले नाहीत.

१४ जानेवारी

यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. पुढचं म्हटलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

आज सादरीकरण. आम्ही सहा जणी स्क्रीनवर, मॅडम मध्यभागी. अनुपमाची नाळ झाली, टाळ्या झाल्या. मग माझं. मी सगळं सांगितलं, बकरीसकट. हसल्या सगळ्या. शोध कसा केला त्याचं मॅडमनी फार कौतुक केलं. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी आपण तीन गोष्टी लिहिल्या होत्या. पुराव्यावर आधारलेला निर्णय कशाकशाचा मिळून होतो?"

मी वही उघडली. माझ्याच अक्षरात होतं— संशोधन. आपला अनुभव. रुग्णाची इच्छा. तिसऱ्याखाली मी रेघही मारलेली.

"तर शेखररावांना काय हवं होतं, ताई?"

"बोलणं."

"त्यांनी सांगितलं?"

"मॅडम, त्यांना बोलता येत नाही—"

म्हटलं, आणि माझं मलाच ऐकू आलं. कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"मग फलिताचा रकाना कोणी भरला?"

"मी," म्हटलं.

बावीस वर्षांत मी कितीतरी नातेवाइकांना दरडावलं आहे— 'पेशंटला बोलू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका!' ज्यांना नीट शुद्ध नाही त्यांचाही हात दाबून विचारलं आहे, कुठे दुखतंय? आणि घरातला माणूस— आपलं मत आपण एकट्याने देऊन आलेला, मनात आलं की चप्पल घालून निघणारा— त्याला सोळा महिन्यांत एकदा विचारलं नाही की तुम्हाला काय पाहिजे. त्याला कशाचं दुःख आहे हे मी गृहीतच धरलं. माझ्या दुःखावरून.

मार्क चांगले मिळाले. सांगण्यात काही अर्थ नाही.

१९ जानेवारी, रविवार

मॅडमनी एक पद्धत सुचवली. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यापुढे हव्या-नकोच्या गोष्टींची चित्रं ठेवायची, आणि पाहिजे ते जवळ, नको ते दूर, असं त्यांनाच लावू द्यायचं. आपण बोट लावायचं नाही, 'हे ना?' म्हणायचं नाही. मला हे शेवटचं जमेल का, कोण जाणे.

आज बसून काढली. बोलणं. हात. चालणं. बाजार समिती. शेषरावभाऊ. पुष्पांजली. टीव्ही. चहा. पुरणपोळी. 'माझं' असं एक चित्र काढावं का, यावर बराच वेळ अडले. काढलं नाही. काढलं आणि ते दूर ठेवलं तर?

खरं सांगते, इथे दुसरं कोणी वाचत नाही. बोलणं मला पाहिजे होतं. मला. घरी आल्यावर मी कोणाला काही सांगावं, कोणी मधेच तोडून आपलंच सुरू करावं, यासाठी मी चार तास चार तास त्या माणसासमोर हंडा आणि कात्री नाचवली. मी यांना बरं करत नव्हते, मी माझा नवरा शोधत होते. आणि तो समोरच बसलेला होता, डोळे मिटून.

उद्या नाही. परवा विचारते. उद्या धीर होणार नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

विचारलं. दुपारी ड्यूटीवरून आले तशीच, युनिफॉर्मवरच, पलंगाजवळ स्टूल ओढून. नऊ चित्रं मांडली आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले. यांनी एकेक उचलून पाहिलं. पुष्पांजलीचं जरा जास्त वेळ. मग नऊही गोळा केली, उशाशी ठेवली. मी 'हे ना?' म्हटलं नाही. हे पुढे झुकले आणि डाव्या हाताने माझ्या छातीवरची नेमप्लेट धरली. पिन निघेना. बराच वेळ लागला, मी मदत केली नाही. निघाल्यावर ती चित्रांवर ठेवली, भिंतीकडे सरकले आणि रिकाम्या जागेवर हाताने थोपटलं. मी सोळा महिने खाली चटईवर झोपते आहे— पेशंटला मोकळं पडता यावं म्हणून.